मीठ जंय पाझरना नाय

मुणग्याच्या सड्यावर शाळा. जांभ्याच्या चार इमारती,
चार वेगळ्या सालांत, चार वेगळ्या पैशांतून उभ्या राहिलेल्या,
म्हणून एकीचं तोंड दुसरीकडे नाही.
मी आलेखाचा कागद पसरला,
कोपऱ्यांवर घंटा, स्टॅपलर, डस्टर
आणि कुणीतरी आणून ठेवलेला न फोडलेला नारळ.

एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर.
राउटर ऑफिसात,
कारण धड कुलूप एकाच कपाटाला आहे.
प्रयोगशाळेत संगणक बावीस, त्यांतले सतरा जिवंत.
ग्रंथालयाला दोन पॉइंट.
मुजावर बाई म्हणाल्या, तीन द्या,
एक खिडकीपाशी, मुलं तिथंच बसतात.
मी तीन केले.
मुलांचे पत्ते एका सबनेटात, ऑफिसचे दुसऱ्यात,
गुणपत्रकं आणि खेळ एका वाटेनं जाऊ नयेत.
कागदावर हे फार देखणं दिसतं.

मग टेप धरून बाबला लब्दे पुढे, मी मागे.
माझ्या सरळ रेषेत
एक काजू निघाला, एक बुजवलेली विहीर,
आणि एक जागा, जिथून त्यानं मला
दंडाला धरून बाजूला घेतलं.
"हयसून नको तुजी केबल."
"का?"
"पावसात हयसून व्हाळ जाता."
मार्च महिना. कातळ तव्यासारखा कोरडा.
मी निळ्या पेन्सिलीनं व्हाळ काढला
आणि रेषा वाकवली.

ऑफिस ते नववी-दहावीची इमारत: एकशे अठ्ठेचाळीस मीटर.
तांब्याची केबल शंभरावर दमते,
मी तर नव्वदपुढे तिच्यावर विसंबत नाही.
फायबरचा आकडा ऐकून
मुख्याध्यापक रूपे सर नारळाकडे बघत राहिले होते.
म्हणजे मध्ये कुठंतरी एक स्विच हवा,
आणि मध्ये होतं फक्त खिचडीचं स्वयंपाकघर.

मी नाक मुरडलं. वाफ, धूर, उंदीर.
शिवाय ही खारी हवा,
जी तीन पावसाळ्यांत बिजागरी खाते
आणि कनेक्टरच्या आठही पिना हिरव्या करते.
मागे एका शाळेत मी पेटी उघडली
तर आत मुंग्या, अंड्यांसकट.

शेवंती घाडी तांदूळ निवडत होती.
वर न बघता: "काय होया तुका?"
कोरडी जागा, म्हटलं. बारा महिने कोरडी.
ती उठली. सूप बाजूला ठेवलं.
"मीठ जंय पाझरना नाय, थंय ठेव तुजी पेटी."

चुलीच्या भिंतीपलीकडे कोठी,
कोठीत डोक्याच्या उंचीवर कोनाडा.
तिनं बरणी काढली, चमचा उलटा केला,
मीठ रेतीसारखं सुटं झरलं.
"श्रावणातसुद्धा?"
"चवदा वर्सां."
मी भिंतीला तळवा लावला. कोमट.
टेप लावली: इकडून सत्तर, तिकडून अठ्ठ्याहत्तर.
एवढ्या वर्षांत कुठल्याच नकाशानं
इतक्या मुकाट्यानं माझं ऐकलं नव्हतं.

तरी मी माझ्या धंद्याचा. विचारलं,
मे महिन्यात चूल पेटत नाही, तेव्हा?
"मे म्हयन्यात मीठ मी घराक न्हेतंय,"
ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघितली
की पेटीचं काय ते तूच बघ.

पेटी चालू असली की स्वतःच थोडी तापते, म्हटलं.
वीज असेल तर सुट्टीत ती तुमचं मीठ राखील.
ती हसली नाही. विचार केला.

आराखड्यावर मी लिहिलं: स्विच दोन, मिठाची कोठी.
रूपे सरांनी खोडून 'भांडारगृह' केलं,
सहीच्या आधी मी पुन्हा 'मिठाची कोठी'.
जूनच्या आत भोकं पाडली, पाइप टाकले,
काजूला वळसा, व्हाळाला वळसा.

स्विच कोनाड्यात बसवला, दिवे लागले,
तिकडून मुजावर बाईंनी ओरडून सांगितलं, आलं!
शेवंतीनं हिरवी लुकलुक थोडा वेळ पाहिली,
मग बरणी उचलून
पेटीच्या अंगाला लावून ठेवली.
हवेला जागा लागते, मी म्हटलं.
तिनं ती चार बोटं सरकवली. तेवढीच.